सहावा धिरा

मी एक जुनं चर्च आहे. निदान होते तरी. आता माझ्या दारावर ‘अभ्यासिका’ अशी पाटी आहे आणि तिच्याखाली ‘चपला ओळीत काढा’ असं लिहिलेलं आहे, ते कोणी वाचत नाही. माझा जन्म सिस्टरांच्या मठात झाला. पुढेही मला झाडलं-पुसलं ते बायकांनीच. त्यामुळे मी स्वतःला बाईमाणूसच समजते. मित्रांनो, तुम्हीही तसंच समजा.

अंबरनाथहून बदलापूरकडे येताना एमआयडीसीची धुरांडी मागे पडली की डाव्या हाताला एक उंचवटा लागतो. त्याच्यावर काळ्या दगडात उभी आहे ती मी. रिक्षावाले नव्या माणसाला माझ्याबद्दल काय काय सांगतात ते मी ऐकत असते. एक म्हणतो किल्ला, दुसरा म्हणतो इंग्रजांचा तुरुंग. एकाने तर उल्हासनगरच्या गिऱ्हाइकाला मी पाण्याची टाकी असल्याचं सांगितलं आणि त्या भल्या माणसाने मानही डोलावली. मी रागावत नाही. माझ्या भिंती साडेतीन फूट जाड आहेत, खिडक्या लहान आहेत आणि कमानी अर्ध्या भाकरीसारख्या गोल आहेत. अशा बांधणीला रोमनेस्क म्हणतात. युरोपात हजार वर्षांपूर्वी अशी चर्चं बांधत. टोकदार कमानी, रंगीत काचा, गगनाला भिडणारे मनोरे हे सगळे लाड नंतरचे. आमच्या घराण्यात थाट नाही, वजन आहे.

मला घडवलं १९१० साली. नकाशा मदर बेनेडिक्ता यांचा. त्या जर्मनीतल्या नदीकाठच्या एका गावाच्या, नाकावर गोल चष्मा. लहानपणी ज्या मठातल्या चर्चमध्ये त्या बसत, तेच आठवून आठवून त्यांनी कागदावर काढलं. आणि बांधलं ते आण्णांनी. आण्णा बदलापूरचे पाथरवट, उंचीने बेताचे आणि बोलायला तिखट. मदर मराठी शिकल्या होत्या पुस्तकातून, त्यामुळे त्यांचं बोलणं ऐकून आण्णांना सारखं हसू येई.

“आण्णा, आपणांस कमान ठाऊक आहे काय?” मदरनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“बाय, माज्या बापानं घाटात रेल्वेच्या कमानी घातल्या,” आण्णा म्हणाले. “त्यांच्यावरून इंजिन जातंय. तुमची प्रार्थना काय इंजिनापरीस जड हाय का?”

मदर हसल्या आणि काम सुरू झालं.

माझ्या अंगात तीन मोठ्या कमानी आहेत. त्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातात आणि छपराचा भार पेलतात. प्रत्येक कमान दोन खांबांवर उतरते, म्हणजे खांब सहा. आता एक गोष्ट नीट ऐका, पुढे तिचं काम आहे. कमान नुसती खाली दाबत नाही, ती बाहेरही ढकलते. दोन माणसं समोरासमोर, पाय मागे ठेवून, एकमेकांच्या हातांवर रेलून उभी राहिली, की त्यांचे पाय बाहेर सरकायला बघतात, तसं. म्हणून प्रत्येक खांबाच्या पाठीशी, भिंतीच्या बाहेरून, दगडाचा एक जाड टेकू उभा करतात. आमच्याकडचे गवंडी त्याला धिरा म्हणतात. खांब सहा, म्हणून धिरेही सहा. ते दिसायला ओबडधोबड आहेत. त्यांच्याकडे बघून कोणी माझं कौतुक करत नाही. पण मी उभी आहे ती त्यांच्या जिवावर.

खांबांच्या माथ्यावर कोरीव काम हवं होतं. मदरच्या गावात तिथे सिंह होते.

“सिंव्ह मी पायला नाय,” आण्णा म्हणाले. “म्हस रोज पायतो.”

म्हणून माझ्या मधल्या कमानीच्या डाव्या खांबावर म्हैस आहे, चांगली दुभती. बाकीच्यांवर उल्हास नदीतला खेकडा, मुंगूस, फणस आणि खंड्या पक्षी. उरलेल्या खांबावर चष्मा लावलेली एक बाई आहे. मदरनी ती शेवटपर्यंत ओळखली नाही, किंवा ओळखून गप्प राहिल्या.

काम चालू असताना आण्णा एकदा मदरना अंबरनाथचं शिवमंदिर दाखवायला घेऊन गेले. साडेआठशे वर्षं उभं असलेलं ते मंदिर पाहून मदर परतल्या आणि आपला नकाशा उघडून बसल्या. मग म्हणाल्या, “माझ्या गावातील चर्च आणि हे मंदिर एकाच शतकातील आहेत. तिकडील गवंड्यांना इकडील गवंडी माहीत नव्हते.” मी तेव्हा जेमतेम खिडकीएवढी उंच होते, पण ते वाक्य मी जपून ठेवलं. त्या मंदिरापुढे मी काल जन्मलेली पोर. त्याच्या भिंतींवर देव, नर्तकी, हत्ती, सगळं जग आहे, आणि माझ्याकडे एक म्हैस. तरी नातं निघालं ना. ताठ मानेने जगायला तेवढं पुरतं.

कमान रचताना तिच्याखाली तिच्याच आकाराचा लाकडी साचा ठेवतात. दगड त्याच्यावर बसवत नेतात आणि माथ्याचा दगड शेवटी ठोकतात. चुना धरला की साचा हळूहळू खाली उतरवतात. त्या दिवशी कमान खरी की खोटी ते कळतं. आण्णांच्या घराण्यात एक रीत होती. साचा उतरताना, ज्याने कमान बांधली तो तिच्याखाली उभा राही. काम खरं असेल तर घरी जेवायला जाईल, नसेल तर जाणार नाही. पहिल्या कमानीखाली आण्णा जाऊन उभे राहिले. मदर त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“तुमी कशाला, बाय?”

“रेषा माझ्या आहेत,” मदर म्हणाल्या.

साचा उतरला. वरून थोडी धूळ पडली, ती मदरच्या पांढऱ्या शिरोवस्त्रावर. त्यांनी ती संध्याकाळपर्यंत झटकली नाही.

पुढची चोपन्न वर्षं सिस्टरांनी इथे प्रार्थना केली, मुलींना शिवण आणि बाराखडी शिकवली, तापाच्या पुड्या बांधल्या. एकेक करून त्या म्हाताऱ्या झाल्या. नव्या येईनात. १९६४ साली शेवटच्या दोघी निघाल्या. तोवर खाली बौद्ध कुटुंबांची वस्ती झाली होती, कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांची. त्यांची मुलं दिव्याखाली अभ्यासाला जागा शोधत. सिस्टरांच्या संस्थेने मला वस्तीच्या हवाली केलं आणि कागदावर एक अट लिहिली. इमारत धड उभी आहे आणि आत शिकणं चालू आहे, तोवर ती वस्तीची. पाडावी लागली, तर जमीन परत संस्थेची.

जिथे वेदी होती त्या अर्धगोल कोनाड्यात आता पुस्तकांची कपाटं आहेत आणि वर बाबासाहेबांची तसबीर. प्रार्थनेची घंटा अभ्यासाच्या वेळेला वाजते. मला यात काही तुटलंसं वाटलं नाही. पूर्वी माणसं माझ्यात बसून पुटपुटायची, आताही पुटपुटतात. फरक इतकाच, की आता मधूनच कोणी ‘हे पेपरला येणार नाही’ म्हणून पान उलटतं. आजवर माझ्यात बसून दहावी झालेले बाराशे अकरा. परिचारिका चौतीस, शिक्षक एकावन्न, वकील सहा. त्यातला एक वकील अजून माझं इतिहासाचं पुस्तक परत करायचं विसरलेला आहे. माझ्या लक्षात आहे.

हे सगळं सांभाळलं ते रामभाऊंनी. रामभाऊ एमआयडीसीतल्या ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो करणारे. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. हात असा, की लाकूड आपणहून गोल होई. निवृत्त झाल्यावर ते अभ्यासिकेच्या समितीचे अध्यक्ष झाले आणि माझी खरी सेवा सुरू झाली. कौलं त्यांनी बदलली. बाकं त्यांनी केली. खिडक्यांना जाळ्या त्यांनीच लावल्या. माणूस सोन्यासारखा, दोष एकच. कारखान्यात लोखंड निवलं की वस्तूला चिकटून राहिलेला जादा भाग कापून टाकतात. रामभाऊंच्या नजरेला ती सवय कायमची जडली होती. जादा दिसलं की त्यांचा हात शिवशिवायचा.

२००२ साली मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचं ठरलं. मागणी रास्त होती. मुली इतकी वर्षं उतारावरून घरी जात आणि परत येत, त्यात अर्धा तास जाई. जागा हवी होती चार फूट. रामभाऊ टेप घेऊन माझ्याभोवती फिरले आणि म्हशीच्या खांबामागच्या धिऱ्यापाशी थांबले.

“हे काय फालतू जागा खातंय?” ते म्हणाले. “आत भिंत सरळ, बाहेर हे ढेकूळ. ओतताना उरलेला माल दिसतोय. काढून टाका.”

त्यांच्या पत्नी, जनाबाई, डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बांधणाऱ्याला अक्कल नव्हती का? सहा-सहा ढेकळं उगाच ठेवली त्याने?”

“तुला यातलं काय कळतं?”

“मला नाही कळत. म्हणून तर विचारते. तुम्ही कोणाला विचारलंत?”

रामभाऊंनी कोणालाच विचारलं नाही. चार दिवसांत तो धिरा गेला आणि तिथे निळ्या दाराचं स्वच्छतागृह उभं राहिलं. मुली खूश झाल्या. मला मात्र बसताना कोपर टेकायची जागा कोणी काढून घ्यावी तसं झालं. वर्षभरात मधल्या कमानीला केसासारखी रेघ आली. रामभाऊंनी ती मायेने पांढऱ्या सिमेंटने बुजवली आणि वर रंग दिला. रंग छान होता. रेघ आतल्या आत वाढत राहिली.

मग २००५ चा जुलै आला. तुमच्या घरच्यांना विचारा, ते सांगतील. उल्हास नदी घरात शिरली तेव्हा वस्तीतली माणसं उंचवट्यावर, माझ्याकडे आली. एकशे सत्तेचाळीस माणसं, अकरा शेळ्या आणि चादरीत गुंडाळलेले दोन टीव्ही. एका आजोबांनी तर आधी टीव्ही आत ठेवला आणि मग नातवाला हाक मारली. तीन दिवस मी सगळ्यांना कोरडं ठेवलं. एक कोपर नसताना ठेवलं. हे सांगताना माझी कमान जरा ताठ होते, त्याला माझा इलाज नाही.

पाणी ओसरलं आणि रेघेत दोन बोटं जाऊ लागली. माथ्याचा दगड तीन बोटं खाली घसरला होता. बातमी सिस्टरांच्या संस्थेपर्यंत गेली. त्यांनी तपासणीला श्यामकांत नावाचे इंजिनीयर पाठवले. हे बदलापूरचेच, एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, शर्टाला कडक इस्त्री आणि जिभेलाही. त्यांनी मला आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, आणि बोट दाखवत मोजलं.

“इकडे तीन. तिकडे दोनच. रामभाऊ, सहावा कुठे आहे?”

समितीची सगळी माणसं निळ्या दाराकडे बघू लागली.

“तिथे आता पोरी जातात,” जनाबाई म्हणाल्या.

श्यामकांतांनी डोळे मिटले. मग सगळं समजावून सांगितलं, ढकलणं, टेकणं, सगळं. रामभाऊ ऐकत होते. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझ्यासाठी बाकं करताना ज्यांनी कधी एक खिळा वाकडा ठोकला नाही, त्यांनी मला मोडलं होतं आणि ते त्यांना आत्ता कळत होतं.

“मी जादा माल समजलो, साहेब,” ते म्हणाले.

“या इमारतीत जादा काहीच नाही. होळीपर्यंत दुरुस्त करून दाखवा. नाहीतर मला धोकादायक असं लिहावं लागेल. मग पाडणं आलं.”

पाडणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. जमीन परत जाणार आणि त्रेचाळीस मुलं पुन्हा दिव्याचे खांब शोधणार. त्या रात्रीपासून रामभाऊ अर्ध्या जेवणावरून उठू लागले, असं जनाबाईंनी शेजारणीला माझ्याच ओट्यावर बसून सांगितलं.

गवंडी शोधले. जे आले ते सिमेंटचे. एकाने कमान पाडून तिथे लोखंडी गर्डर टाकायला सांगितलं. दुसऱ्याने म्हशीचा फोटो काढला आणि निघून गेला. दिवाळी आली. तेव्हा जनाबाईंना एक बाई आठवली.

दर वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एक नऊवारीतली बाई येई. म्हशीच्या खांबाला हात लावी, दोन मिनिटं थांबे आणि जाई. वस्तीला वाटे नवस असेल. म्हशीला कोण नवस बोलतं, असा प्रश्न कोणाला पडला नाही. त्या वर्षी ती आली तेव्हा जनाबाईंनी तिला चहा दिला आणि सरळ विचारलं.

“नवस कसला? माज्या आजाचं काम हाय ह्ये,” बाई म्हणाली. “आण्णा पाथरवट. मी द्रौपदी.”

द्रौपदीबाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरातले पुरुष दगड सोडून रिक्षा चालवू लागले होते. या मात्र अजून विहिरींचे काठ आणि देवळांच्या पायऱ्या नीट करत फिरत. त्यांनी वर पाहिलं, मग बाहेर जाऊन निळं दार पाहिलं.

“ह्यो शाणपणा कुनाचा?”

“माझा,” रामभाऊ म्हणाले.

“बरं जालं सांगितलंत. आता ह्यो संडास उचला आनि तिकडं मागं बांदा. पोरींची सोय मोडू नका. आनि मला लाकडाचा साचा लागंल, कमानीच्या मापाचा. एक सूत हिकडं-तिकडं नाय चालायचं. असा सुतार हाय कोन?”

जनाबाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “आहे एक. कापायला सांगू नका, करायला सांगा.”

रामभाऊंनी सत्तावीस दिवस त्या साच्यावर घालवले. जमिनीवर खडूने पुरी कमान काढली, अगदी मदरनी काढली होती तशी. हे त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. द्रौपदीबाईंनी चुना भिजत घातला, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून तो मळला. पहिल्यांदा धिरा उभा केला, जुन्याच दगडांचा. ते दगड वस्तीत पसरले होते, कोणाच्या न्हाणीत, कोणाच्या तुळशीपाशी, एक तर रिक्षाच्या चाकाला अडसर म्हणून. बायका ते आपणहून आणून देत होत्या. मोजले तर दोन कमी भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन दारात ठेवलेले होते. कोणी ठेवले ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

मग साचा कमानीखाली चढवला. घसरलेले दगड एकेक करून काढले, साफ केले आणि नव्या चुन्यात बसवले. माथ्याचा दगड द्रौपदीबाईंनी स्वतः ठोकला. पाच ठोके. आण्णांनी चार घातले होते, पण वयाचा विचार करायला हवा.

होळीला आठ दिवस होते तेव्हा साचा उतरवायचा दिवस ठरला. सगळी वस्ती अंगणात होती. श्यामकांत शर्टाच्या खिशात पेन लावून आले होते. मुलांना बाहेर उभं केलं होतं. आत फक्त साच्याच्या पाचरी काढणारे चौघे राहिले. द्रौपदीबाईंनी पदर खोचला आणि कमानीखाली बरोबर मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

“बाई, हे काय? मी परवानगी देऊ शकत नाही,” श्यामकांत दारातून म्हणाले.

“तुमी लिवा तुमचं. ही आमची रीत हाय. बांदल त्यानं उबं ऱ्हायाचं.”

तेवढ्यात रामभाऊ पुढे आले. “बाई, तुम्ही बाजूला व्हा. मोडलं मी. काही झालंच तर माझ्यावर पडू दे.”

“मोडणाऱ्याला हितं जागा नाय,” द्रौपदीबाई म्हणाल्या.

रामभाऊ खाली मान घालून मागे फिरले. त्यांनी दोन पावलं टाकली असतील.

“थांबा. साचा कुनी केला?”

“मी.”

“मग असं बोला ना. या हिकडं. जवळ ऱ्हावा, दाटीनं.”

रामभाऊ आले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले. सत्तावीस दिवस सुतभर चूक न केलेले हात त्यांनी पाठीमागे बांधले. बाहेर जनाबाई काहीतरी टोमणा मारायला गेल्या आणि त्यांना तो सुचलाच नाही. असं मी पहिल्यांदा पाहिलं.

पाचरी निघाल्या. साचा एक बोट खाली आला, मग दोन, मग वीत. मी माझं सगळं वजन घेतलं, उजवीकडे दिलं, डावीकडे दिलं, आणि डावीकडे, साडेतीन वर्षांनी, कोणीतरी होतं. धिऱ्याने मला धरलं. वरून थोडी धूळ पडली, रामभाऊंच्या टकलावर.

“झटकू नका,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “सांच्याला घरी जाऊन आंगूळ करा.”

श्यामकांत आत आले. कमानीच्या सांध्यावर त्यांनी काचेची एक पातळ पट्टी चिकटवली. कमान केसभर जरी हलली तर ती काच तडकते आणि कळतं. त्यांनी तारीख घातली, २००६. मग सगळ्यांच्या देखत ते कमानीखालून चालत पलीकडे गेले आणि परत आले. पेन काढून त्यांनी तिथेच, म्हशीच्या खांबाला कागद टेकवून, ‘धोका नाही’ असं लिहिलं.

मित्रांनो, आता २००९ चालू आहे. मी शंभरीला टेकले आहे. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे, आणि ते माझ्यापुरतं नाही. घरातली, गावातली एखादी जुनी गोष्ट तुम्हाला बिनकामाची, जागा अडवणारी वाटेल. काढायला हरकत नाही. पण आधी तिच्या मागे जाऊन बघा, तिने काय धरून ठेवलंय. दिसलं नाही तर कोणाला तरी विचारा. विचारायला चहाच्या एका कपाएवढा वेळ लागतो. जनाबाईंना तेवढाच लागला.

रामभाऊ अजून रोज येतात. घंटा वाजवायच्या आधी खिशातून चष्मा काढतात, म्हशीच्या खांबापाशी बाकावर चढतात आणि काचेची पट्टी बघतात. मग खाली उतरून मुलांना सांगतात, “बसा. अख्खी आहे.”